एअर इंडिया

एअर इंडिया : भारताची एक प्रमुख हवाई वाहतूक संस्था. १ ऑगस्ट १९५३ पासून २७ जानेवारी २०२२ पर्यंत ती केंद्र शासनाच्या मालकीची राष्ट्रीय संस्था होती. टाटा उद्योगसमूहात तिचा उगम झाला आणि शासकीय मालकीच्या जवळजवळ सात दशकांनंतर ती पुन्हा त्याच समूहाकडे गेली. राष्ट्रीय हवाई संस्थेकडून सामान्यपणे दोन कामांची अपेक्षा केली जाते : देश जगाशी जोडणे आणि देशाचा अंतर्भाग महानगरांशी जोडणे. भारतात ही दोन कामे दीर्घकाळ दोन निराळ्या महामंडळांकडे सोपविण्यात आली होती. पहिल्या कामाने एअर इंडियाला कीर्ती लाभली. दुसरे मात्र बरेचसे अपुरे राहिले. मराठवाड्यासारख्या अंतर्भागाचा, त्यातही स्वतःचा विमानतळ नसलेल्या हिंगोली जिल्ह्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे.

पूर्वेतिहास : भारतातील पहिला वैमानिक परवाना १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटा यांना मिळाला. नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाच्या सहकार्याने टाटा सन्स या कंपनीने १९३२ मध्ये हवाई विभाग उघडला. इंपीरिअल एअरवेजच्या विमानांनी इंग्लंडहून कराचीपर्यंत येणारी टपाल पुढे मुंबई व मद्रासला पोहोचविणे, हे त्याचे काम होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी ‘पस मॉथ’ जातीचे एक एंजिनाचे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आणले. तेथून व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या सेवेस शासनाचे अर्थसाहाय्य नव्हते. नेलेल्या टपालावरच उत्पन्न अवलंबून होते. मुंबईचे जुहू येथील धावक्षेत्र म्हणजे समुद्रकाठची मोकळी जमीन होती व पावसाळ्यात ती निरुपयोगी होई; त्यामुळे त्या काळात विमाने पुण्याहून उडत. पुढे बेल्लारीऐवजी हैदराबाद हे या मार्गावरील स्थानक झाले आणि निजामाचे संस्थान नियमित हवाई टपालमार्गावर आले. १९३८ मध्ये या सेवेस ‘टाटा एअरलाइन्स’ हे नाव मिळाले. २९ जुलै १९४६ रोजी तिचे सार्वजनिक मर्यादित कंपनीत रूपांतर होऊन ‘एअर-इंडिया’ हे नाव रूढ झाले.

डेक्कन एअरवेज : हिंगोली हे त्या वेळी हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यातील गाव होते. निजाम राज्य रेल्वेने पूर्णा–हिंगोली हा मीटरमापी लोहमार्ग बांधून १९१२ च्या सुमारास या गावास रेल्वेने जोडले होते. याच रेल्वेने १९३२ मध्ये मोटारगाड्यांची वाहतूकही आपल्याकडे घेतली. १९४५ मध्ये निजाम राज्य रेल्वे व टाटा यांच्या भागीदारीत ‘डेक्कन एअरवेज’ ही कंपनी स्थापन झाली. तीत रेल्वेचा वाटा मोठा होता. हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरून तिची ‘डकोटा’ विमाने मद्रास, बंगलोर, नागपूर व दिल्ली या दिशांना जात. अशा रीतीने रेल्वे, मोटार व विमान ही तिन्ही साधने एकाच प्रादेशिक संस्थेच्या छत्राखाली आली. संस्थानी भारतातील हा वैशिष्ट्यपूर्ण प्रयोग होता. तथापि मराठवाड्यातील गावांपर्यंत विमान पोहोचावे, एवढा काळ त्यास लाभला नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि पाच वर्षांनी डेक्कन एअरवेजही राष्ट्रीय महामंडळात समाविष्ट झाली.

राष्ट्रीयीकरण : दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याची जादा झालेली डकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि अनेक लहानमोठ्या हवाई कंपन्या निघाल्या. उतारू थोडे व कंपन्या फार, अशी अवस्था होऊन बहुतेक कंपन्या तोट्यात गेल्या. न्या. जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५० मध्ये या स्थितीचा आढावा घेतला. परवाने गरजेपेक्षा अधिक दिले गेले असून कंपन्यांची संख्या कमी करणे इष्ट ठरेल, असे तिचे मत पडले. तात्काळ राष्ट्रीयीकरणाची शिफारस मात्र तिने केली नाही. तथापि कंपन्या आपण होऊन एकत्र येईनात. अखेर १९५३ च्या हवाई महामंडळ अधिनियमान्वये दोन महामंडळे स्थापन करण्यात आली. देशांतर्गत वाहतुकीतील आठ कंपन्या मिळून ‘इंडियन एअरलाइन्स’ हे महामंडळ झाले. डेक्कन एअरवेज व एअर-इंडियाचा देशांतर्गत विभाग यांचा त्यांत समावेश होता. १९४८ पासून परदेशी वाहतूक करणारी ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ ही दुसरे महामंडळ झाली. टाटांना राष्ट्रीयीकरण मान्य नव्हते. तरीही त्यांनी या दुसऱ्या महामंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९७८ पर्यंत सांभाळले.

या विभागणीचे परिणाम दूरगामी ठरले. परदेशी वाहतूक करणाऱ्या महामंडळास मोजके, लांब पल्ल्याचे व परकीय चलन मिळवून देणारे मार्ग लाभले. देशांतर्गत महामंडळाच्या वाट्यास जुनी विमाने, नाना कंपन्यांचे कर्मचारी, आखूड पल्ल्याचे मार्ग आणि शासनाच्या मर्जीने ठरणारी भाडी आली. पहिल्याचे मोजमाप जगातील नामांकित कंपन्यांशी होई. दुसऱ्यास नफा व लोकसेवा यांचा मेळ घालावा लागे.

मार्गांचे जाळे : ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला गेले. ही एअर-इंडिया इंटरनॅशनलची पहिली सेवा होय. १९५० मध्ये नैरोबीची सेवा सुरू झाली. पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेल्या भारतीयांची वाहतूक हा तिचा आधार होता. त्याच दशकात सिंगापूर, टोकिओ, सिडनी व मॉस्को ही स्थानके जाळ्यात आली. १९६० मध्ये बोइंग ७०७ या जेट विमानांचा वापर सुरू होऊन त्याच वर्षी न्यूयॉर्कपर्यंत सेवा गेली. १९६२ मध्ये कंपनीच्या ताफ्यात केवळ जेट विमानेच उरली. असा ताफा असलेली ती जगातील पहिली हवाई संस्था मानली जाते. याच वर्षी नावातील ‘इंटरनॅशनल’ हा शब्द गाळण्यात आला. १९७१ मध्ये बोइंग ७४७ हे महाकाय विमान दाखल झाले.

परदेशी मार्ग केवळ विमाने असल्याने मिळत नाहीत. दोन राष्ट्रांमधील करारांनी कोणत्या शहरी किती फेऱ्या कराव्यात, हे ठरते. मुंबई हे यूरोप व अतिपूर्व यांच्या मध्यावर असल्याने आणि विमानांचा पल्ला मर्यादित असल्याने परकीय कंपन्यांनाही तेथे थांबावे लागे. याचा लाभ करारांच्या वाटाघाटींत भारतास झाला. १९७० नंतर इराणी आखाताच्या परिसरातील तेलोत्पादक देशांत भारतीय कामगार मोठ्या संख्येने जाऊ लागले आणि तेथील मार्ग संस्थेचे मुख्य आधार बनले. १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापल्यानंतर एक लाखाहून अधिक भारतीयांना मुख्यतः जॉर्डनमधील अम्मानहून मायदेशी आणण्यात आले. त्यासाठी ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे झाली. राष्ट्रीय हवाई संस्था केवळ नफ्यासाठी नसते, या युक्तिवादाचे हे सर्वांत सबळ उदाहरण होय.

अपघातांनीही या इतिहासावर छाया टाकली. १९५० व १९६६ मध्ये संस्थेची दोन विमाने आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळली. दुसऱ्या अपघातात अणुशास्त्रज्ञ होमी भाभा मृत्यू पावले. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ हे विमान अटलांटिक महासागरावर बाँबस्फोटाने नष्ट होऊन ३२९ जण मृत्युमुखी पडले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले; विमानातील २४२ जणांपैकी एकच वाचला.

प्रतीके व ओळख : संस्थेची जगभर ओळख निर्माण करण्यात तिच्या प्रतीकांचा वाटा मोठा आहे. १९४६ मध्ये वाणिज्य विभागाचे प्रमुख बॉबी कूका व चित्रकार उमेश राव यांनी फेटा, भरघोस मिशा व नम्रपणे झुकलेली मान असा ‘महाराजा’ निर्माण केला. प्रारंभी तो एका कागदी टिपणवहीपुरता होता. पुढे जाहिरातींतून तो प्रत्येक देशाच्या वेषात अवतरला. संस्थाने विलीन होत असतानाच्या काळात राजाच्या मूर्तीतून आतिथ्य सूचित करणारी ही कल्पना विनोदी असूनही राजसी वाटे. धनुर्धारी अश्वमानव हे संस्थेचे बोधचिन्ह धनू राशीच्या आकृतीवरून घेतलेले होते. विमानांना प्रथम राजकन्यांची, मग हिमालयाच्या शिखरांची आणि पुढे सम्राटांची नावे देण्यात आली. बोइंग ७४७ विमानांच्या खिडक्यांभोवती राजस्थानी झरोक्यांची लाल नक्षी रंगविण्यात आली. भारतीय चित्रकारांच्या कृतींचा मोठा संग्रहही संस्थेने केला. मुंबईच्या नरिमन पॉइंट येथील २३ मजली इमारत १९७४ पासून तिचे मुख्यालय होती. २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीस हलविण्यात आले आणि ती इमारत पुढे महाराष्ट्र शासनाने घेतली. खाजगीकरणानंतर, २०२३ मध्ये, नवे बोधचिन्ह व नवी रंगसंगती स्वीकारण्यात आली.

मराठवाडा व हिंगोली : १९५३ नंतर देशांतर्गत मार्ग आखताना महानगरे, राजधान्या व पर्यटनस्थळे यांना अग्रक्रम मिळाला. वेरूळ–अजिंठ्यामुळे औरंगाबाद (सांप्रत छत्रपती संभाजीनगर) इंडियन एअरलाइन्सच्या नकाशावर आले. उर्वरित मराठवाडा रेल्वे व राज्य परिवहनाच्या गाड्यांवर विसंबून राहिला. औरंगाबादच्या विमानतळालगतच २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे विमान उड्डाण करताना बाहेरच्या रस्त्यावरील कापसाच्या गाठींनी भरलेल्या मालमोटारीस धडकले व ५५ जण मरण पावले. मराठवाड्याचे मुख्य पीक वाहणारी मालमोटार व राष्ट्रीय सेवेचे जेट विमान यांची ही गाठ विमानतळांच्या अपुऱ्या सोयींवर झगझगीत प्रकाश टाकणारी ठरली.

लहान गावांसाठी दोन्ही महामंडळांनी १९८१ मध्ये ‘वायुदूत’ ही संस्था काढली. मुख्यतः ईशान्य भारतासाठी निघालेल्या या सेवेचा पुढे देशभर विस्तार झाला. परंतु तोटा वाढत जाऊन १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली. १९९४ मध्ये हवाई महामंडळांची मक्तेदारी कायद्याने संपली. खाजगी कंपन्यांनी केवळ किफायतशीर मार्गच निवडू नयेत म्हणून ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान-निकोबार व लक्षद्वीप यांसाठी काही उड्डाणे बंधनकारक करण्यात आली. मराठवाडा सीमेवरचा नव्हे, दुर्गमही नव्हे; त्यामुळे या संरक्षणाचा लाभ त्यास झाला नाही आणि बाजारपेठेचेही आकर्षण तेथे पुरेसे नव्हते.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्यात विमानतळ नसल्याने नांदेड हाच जवळचा विमानतळ ठरतो. गुरू ग्रंथसाहिबास गुरुपद दिल्याच्या त्रिशताब्दीनिमित्त २००८ मध्ये त्याचा मोठा विकास झाला. २०१७ मध्ये केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली, भाड्यावरील मर्यादा व कंपनीस तूट भरून देण्याची तरतूद यांच्या आधारे, नांदेड–हैदराबाद ही सेवा एका खाजगी कंपनीने सुरू केली. त्याच वर्षाच्या अखेरीस एअर इंडियाने अमृतसर–नांदेड ही सेवा चालू केली. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. पंजाबमधील घुमान येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते, अशी परंपरा असून त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. नामदेवांनी पायी तोडलेली वाट राष्ट्रीय हवाई संस्थेच्या मार्गाशी अशा रीतीने जुळली. मात्र हा मार्ग आखला गेला तो यात्रेकरूंच्या मागणीमुळे. या भागातील शेती, व्यापार वा शिक्षण यांच्या गरजा हे त्याचे कारण नव्हते.

विलीनीकरण व विक्री : २००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे एकत्रीकरण झाले. १९५३ ची विभागणी अशा प्रकारे ५४ वर्षांनी मिटली; परंतु वेळ प्रतिकूल होती. दोन्ही संस्थांनी मिळून १११ विमानांची मागणी नोंदविलेली होती, इंधन महागले होते आणि स्वस्त दरांच्या खाजगी कंपन्यांची स्पर्धा वाढली होती. निराळी विमाने, निराळे वेतनक्रम व निराळी कार्यपद्धती यांचा मेळ बसला नाही. २०१२ मध्ये शासनाने सु. ३०,००० कोटी रु. भांडवल टप्प्याटप्प्याने देण्याची योजना मंजूर केली, तरी कर्ज वाढतच गेले. २०१८ मधील विक्रीच्या प्रयत्नास एकही बोली आली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा समूहाची १८,००० कोटी रुपयांची बोली स्वीकारण्यात आली. तीत २,७०० कोटी रु. रोख व उर्वरित रक्कम कर्जाची जबाबदारी या रूपाने होती. २७ जानेवारी २०२२ रोजी हस्तांतर झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘विस्तारा’ ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली.

या व्यवहारातील एक तपशील विशेष अर्थपूर्ण आहे. लहान शहरांना सेवा देणारी ‘अलायन्स एअर’ ही उपकंपनी विक्रीतून वगळण्यात आली व शासनाकडेच राहिली. परदेशी मार्ग व त्यांबरोबर येणारी प्रतिष्ठा खाजगी मालकीत गेली. अल्प उत्पन्नाच्या प्रादेशिक मार्गांची जबाबदारी मात्र सार्वजनिकच राहिली. १९५३ मध्ये केलेली विभागणी निराळ्या रूपाने पुन्हा अवतरली, असे म्हणता येईल. निजाम राज्य रेल्वेने एकेकाळी रेल्वे, मोटार व विमान यांचा एकत्र विचार केला होता. हिंगोलीसारख्या जिल्ह्यांच्या दृष्टीने तोच विचार आजही अधिक उपयुक्त ठरतो. तेथील प्रवाशाचा हवाई प्रवास विमानतळावर नव्हे, तर गावच्या बसस्थानकावर वा रेल्वेस्थानकावर सुरू होतो.