पदकाचे धनी कोण?

उत्पादन वाढले की श्रेय मुकादमाला, हा हिशेब आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांच्या चांगल्या परिचयाचा. क्रीडेच्या इतिहासातही तो आढळतो. मॉस्कोच्या लष्करी क्रीडासंस्थेतील बर्फावरील स्केटिंगचे गुरू स्तानिस्लाव झूक यांचेच पाहा.

झूक स्वतः नामांकित खेळाडू. १९५८ ते १९६० अशी सलग तीन वर्षे पत्नी नीना यांच्यासह त्यांनी युरोपीय स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. गुरू म्हणून त्यांची शिस्त अतिशय करडी. १९७३ साली ब्रातिस्लाव्हाच्या जागतिक स्पर्धेत मध्येच संगीत बंद पडले. तरी त्यांचे शिष्य ईरिना रोदनिना व अलेक्सांद्र झाइत्सेव्ह यांनी तशा शांततेत खेळ पुरा केला आणि विजेतेपद पटकावले. हे त्या शिस्तीचे फळ, हे आम्ही नाकारीत नाही. पण १९७४ साली हीच जोडी झूकना सोडून तात्याना तारासोव्हा यांच्याकडे गेली. १९७६ व १९८० ची ऑलिंपिक सुवर्णपदके तिने त्यानंतर जिंकली.

१९८६ साली मात्र खेळाडूंनी एकत्र येऊन लेखी तक्रार केली: जाच आणि मद्यपान. लष्करी संस्थेत वरिष्ठाविरुद्ध सही करणे ही लहान गोष्ट नव्हे. झूकना जावे लागले. गोर्देयेव्हा-ग्रिन्कोव्ह या तरुण जोडीने १९८८ साली कॅल्गरीला सुवर्णपदक जिंकले, ते नवे गुरू लिओनोव्हिच यांच्या हाताखाली.

शिस्त हवीच. तिचा जाच केव्हा होतो, हे सांगण्याचा पहिला हक्क मात्र तो सोसणाऱ्याचा, असे आम्हांस वाटते.