परमिटची तारीख

भारताच्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमात एक तारीख आहे: १९ जुलै १९४८. ती कोणाची जयंती नाही की पुण्यतिथी नाही. त्या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात येण्यासाठी परमिट लागू लागले. ऑक्टोबर १९४८ मध्ये पाकिस्ताननेही तसाच नियम केला. फाळणीची रेषा नकाशावर ऑगस्ट १९४७ मध्ये ओढली गेली खरी, पण माणसांच्या घरातून ती गेली या परमिटमुळे. शाळेच्या पुस्तकात फाळणीचे दंगे आहेत, निर्वासितांचे तांडे आहेत. परमिटचा उल्लेखही नाही. इतिहास शिकवताना मला ही उणीव दरवर्षी जाणवते.

परमिट आले ते निव्वळ द्वेषातून आले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गांधीजींच्या शेवटच्या उपोषणानंतर आणि हत्येनंतर दिल्लीत शांतता आली, तसे जीव वाचवण्यासाठी गेलेले अनेक मुसलमान परतू लागले. त्यांच्या घरांत पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेली हिंदू आणि शीख कुटुंबे राहत होती. एका घराला दोन दुःखी दावेदार! सरकारपुढचा पेच खरा होता. पण पेच होता छपराचा, आणि तोडगा काढला गेला तो माणसाच्या येण्याजाण्यावर बंदी घालून.

दिल्लीतला हा पेच आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचला. सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे. रत्नागिरी-कुलाब्याच्या कोकणी मुसलमानांना कराचीचे बंदर मुंबईच्या गोदीसारखेच पोटापाण्याचे ठिकाण होते. एक भाऊ माझगावात, दुसरा कराचीत, आईवडील गावी, अशी कुटुंबे होती. कराचीतला भाऊ कोणताही मुलुख सोडून गेला नव्हता. तो नोकरीला गेला होता. १९ जुलैनंतर मात्र गावच्या घराचा उंबरा ओलांडायला त्याला सरकारी कागद लागू लागला.

परमिटचे प्रकार होते: तात्पुरत्या भेटीचे, कायम परतण्याचे, वारंवार प्रवासाचे. वरकरणी सोय, प्रत्यक्षात सापळा. घाईत, कोणाच्या मयतीसाठी, जो तात्पुरते परमिट घेऊन आला त्याने आपण पाकिस्तानचे रहिवासी आहोत हे जणू स्वतःच लिहून दिले. घटनेचे सातवे कलम सांगते की १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला तो भारताचा नागरिक नाही. कायम परतण्याचे परमिट घेऊन आला असेल तरच अपवाद. गंमत अशी, की या अपवादालाही घटना समितीत कडाडून विरोध झाला होता. म्हणजे तेवढी फट राहिली हेच विशेष.

सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये निकाल दिलेला बिहारचा एक खटला मला फार बोलका वाटतो. एका जमीनदाराची पत्नी जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली. डिसेंबरमध्ये तात्पुरत्या परमिटवर आली, मुदत संपल्यावर परत गेली. मागे तिची मालमत्ता निष्क्रांतांची म्हणून सरकारी कस्टोडियनने ताब्यात घेतली. १९५० मध्ये ती कायम परतण्याचे परमिट घेऊन आली. काही आठवड्यांत तेही रद्द झाले. पती भारतात, मग पत्नीचे वतनही भारतच, असा तिच्या बाजूचा युक्तिवाद होता. न्यायालय म्हणाले, विवाह मान्य केला तरी सातवे कलम त्यावर मात करते. कायद्याच्या दृष्टीने निकाल बिनचूक असेल. पण नवरा-बायकोचे नाते एका तारखेपुढे हरले, हेही तितकेच खरे.

उर्दूत हिजरत हा फार वजनदार शब्द आहे. जो कायमचे घर सोडतो तो मुहाजिर. बहिणीच्या बाळंतपणाला गेलेल्याला कोणी मुहाजिर म्हणत नाही. कायद्याला हा साधा फरक कळायला वेळ लागला. ठराविक कामासाठी, थोड्या मुदतीसाठी केलेला प्रवास म्हणजे स्थलांतर नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये स्पष्ट केले. तोवर परमिट सुरू होऊन अठरा वर्षे झाली होती. त्याआधी १९५४ मध्ये मुंबई राज्याविरुद्धच्या एका खटल्यात याच न्यायालयाने, भारतीय नागरिकाला परमिट नाही म्हणून नुसत्या सरकारी हुकमाने देशाबाहेर काढता येणार नाही, असे बजावले होते. न्यायमूर्ती गुलाम हसन यांनी लिहिलेला तो निकाल प्रत्येक अध्यापक विद्यालयात वाचला जावा असे मला वाटते.

जे गेलेच नाहीत त्यांचे काय? एखादा मुसलमान उद्या जाईल असा संशय आला की त्याला 'जाण्याच्या इराद्यात असलेला' ठरवण्याची तरतूद १९५० च्या निष्क्रांत मालमत्ता कायद्यात होती. त्यामुळे मुसलमानाचे घर किंवा दुकान विकत घेताना गिऱ्हाईक दहादा विचार करी. भाऊ कराचीत, आणि बाजारातली पत मात्र इथल्या भावाची गेली. आणि सीमेपलीकडूनही हेच दुःख आले होते. कल्याणच्या लष्करी छावणीत, आजच्या उल्हासनगरात, वसवलेल्या सिंधी कुटुंबांना आपले शिकारपूर, आपले हैदराबाद पुन्हा डोळ्यांनी पाहणे तितकेच दुरापास्त झाले. मोहल्ला आणि छावणी यांच्यात भांडण लावून देणे सोपे होते. दोघांच्याही खिशात एकाच नियमाचा मार आहे हे कोणी सांगितले नाही.

ऑक्टोबर १९५२ मध्ये परमिट जाऊन पासपोर्ट आला आणि पूर्वेकडे बंगालमध्येही पहारा बसला. म्हातारीला भेटण्यासाठी ज्यांनी पाकिस्तानी पासपोर्ट काढला, त्यांनी स्वेच्छेने परके नागरिकत्व घेतले असे कायदा धरून चालला. १९५७ पर्यंत परकीयांच्या कायद्यात पाकिस्तानी नागरिक 'परकीय' नव्हता. दुरुस्ती झाली आणि तो एका रात्रीत परकीय झाला.

पुढचा इतिहास रस्ते बंद होण्याचा आणि उघडण्याचा आहे. १९६५ च्या युद्धात मुनाबाव-खोखरापारचा लोहमार्ग तुटला, तो २००६ मध्ये थार एक्सप्रेसने पुन्हा जोडला. ऑगस्ट २०१९ मध्ये थार आणि समझौता दोन्ही गाड्या थांबल्या. १९९४ मध्ये कराचीतली भारतीय वकिलात बंद झाली, तेव्हापासून कराचीकराला व्हिसासाठी हजार किलोमीटरहून दूर इस्लामाबादकडे पाहावे लागले. २०१२ च्या करारात मात्र माणुसकीची जाण दिसते: पासष्टीपुढच्या वृद्धांना अटारीला पोहोचताच व्हिसा, दोन देशांत लग्न झालेल्या जोडीदारांना दोन वर्षांचा. हा मसुदा कोणा स्वप्नाळू कवीने लिहिलेला नव्हता. दोन्ही सरकारांच्या अधिकाऱ्यांनीच लिहिला होता. म्हणजे काय करायला हवे ते त्यांना ठाऊक आहे.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर व्हिसे रद्द झाले. अटारीच्या फाटकाशी अशा आया दिसल्या, ज्यांचा पासपोर्ट भारतीय आणि लेकरांचा पाकिस्तानी. मारेकऱ्यांना शिक्षा व्हावी, सरहद्दीवर कडक तपासणी व्हावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण दर संकटात पहिला दरवाजा बंद होतो तो नातलगांचा.

आणि हे अपरिहार्य नाही. १९८८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. १९९२ पासून हा क्रम कारगिलच्या काळातही मोडला नाही. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या बदलल्या जातात. त्यात आपल्या पालघरच्या मच्छीमारांचीही नावे असतात. २०२५ च्या जुलैमध्येही, तोफा थांबून दोन महिने होत नाहीत तोच, या याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. त्याच दिवशी, त्याच टपालात तिसरी यादी जाऊ शकते: आईपासून तुटलेली मुले, पतीपासून तुटलेल्या पत्नी, सत्तरीपुढची भावंडे. तपासून, खातरजमा करून, पण सहा महिन्यांत उत्तर मिळेलच अशी.