तिघांचं बोलणं

बंगळूरच्या नागरभावीतल्या लॉ स्कूलमध्ये असो की आपल्याकडच्या तालुक्याच्या विधी महाविद्यालयात, फौजदारी कायदा शिकताना हा खटला ‘डडली आणि स्टीफन्स’ म्हणून भेटतो. ही मारणाऱ्यांची नावं. मेला तो रिचर्ड पार्कर, वय 17.

19 मे 1884. ‘मिन्योनेट’ ही शिडाची 52 फुटी नौका साउदॅम्प्टनहून सिडनीला निघते. सिडनीच्या एका वकिलाने ती विकत घेतली आहे. पोचवणारा कप्तान टॉम डडली. सोबत एडविन स्टीफन्स, एडमंड ब्रूक्स आणि नवखा, अनाथ पार्कर.

5 जुलै. केप ऑफ गुड होपपासून 1,600 मैलांवर एक मोठी लाट नौकेची बाजू फोडते. पाच मिनिटांत सगळं संपतं. पाण्याचं पिंप समुद्रात टाकलेलं असतं, मागाहून उचलून घेऊ म्हणून. ते वाहून जातं. 13 फुटी होडीत चार माणसं आणि सलगमचे दोन डबे.

त्याच रात्री शार्क होडीला धडका देतो. वल्ह्यांनी ढोसून त्याला हाकलतात.

9 जुलै, चौथा दिवस. एक लहान कासव सापडतं. त्याचे चार वाटे होतात. इथवर पार्कर चौघांतला एक आहे.

17 जुलै, बारावा दिवस. कासव संपतं. मधूनमधून पडणारा पाऊस मेणकापडी अंगरख्यांत धरायचा, तेवढंच पाणी.

पुढे कधीतरी पार्कर समुद्राचं पाणी पितो आणि आजारी पडतो.

23 जुलै, अठरावा दिवस. सात दिवस अन्न नाही, पाच दिवस पाणी नाही. एकाने मरावं, म्हणजे बाकीचे जगतील, असं डडली आणि स्टीफन्स ब्रूक्सशी बोलतात. ब्रूक्स नाही म्हणतो. पार्करला कुणी विचारत नाही.

24 जुलै. डडली चिठ्ठ्या टाकायचं सुचवतो. ब्रूक्स पुन्हा नकार देतो. चिठ्ठ्या पडत नाहीत. मग आम्हाला बायकापोरं आहेत, असं बोलणं निघतं. मला इथे थांबावंसं वाटतं. चिठ्ठीत चौघांना सारखा धोका होता. घरच्या माणसांचा हिशेब मांडला की अनाथ मुलगा आपोआप वजा होतो.

त्या दिवशी इकडे बंगळूरच्या छावणीत 1860चं भारतीय दंडविधान लागू आहे. त्याच्या कलम 81च्या उदाहरणातही होडीच आहे: आगबोट वळवली नाही तर वीस-तीस प्रवासी बुडणार, वळवली तर दुसऱ्या होडीतल्या दोघांना धोका. कप्तानाला वळवण्याची मुभा आहे, कारण ते दोघे वाचूही शकतात. कलम 94 मात्र स्पष्ट सांगतं की तत्काळ मृत्यूच्या धमकीखालीही केलेला खून माफ नाही. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेतही ते कायम आहे.

24 जुलै, दिवस संपताना. उद्या सकाळपर्यंत जहाज दिसलं नाही तर मुलाला मारायचं, असं डडली म्हणतो.

रात्र. पार्कर होडीच्या तळाशी पडून आहे.

25 जुलै, सकाळ. विसावा दिवस. समुद्रावर काही नाही. डडली ब्रूक्सला जाऊन झोपायला सांगतो. स्टीफन्सला खूण करतो, स्टीफन्स मान्य करतो. डडली देवाची क्षमा मागतो. मग पार्करजवळ जाऊन, तुझी वेळ आली, असं सांगतो आणि गळ्यावर चाकू चालवतो. पार्कर प्रतिकार करू शकत नाही. त्याची संमती नव्हती, हे पुढे ज्यूरीने नोंदवलं.

तिघेही खातात. नाही म्हणणारा ब्रूक्सही.

9 डिसेंबरला लंडनमध्ये न्यायाधीश कोलरिज विचारतील की जिवांची तुलना कोणत्या मापाने करायची. डडली आणि स्टीफन्सला फाशीची शिक्षा होईल, ती सहा महिन्यांच्या कैदेवर येईल. ब्रूक्स साक्षीदार असेल.

29 जुलै. पार्करला मारल्यानंतरचा चौथा दिवस. ‘मॉन्टेझुमा’ या जर्मन जहाजाची शिडं दिसतात.