निधीसाठी नाटक : 'संयुक्त मानापमान'

मंडळी, शाळेसाठी, वाचनालयासाठी पैसा उभा करायचा म्हटलं की आपल्या सेलूसारख्या गावात कुणीतरी सुचवतंच, 'एखादा गाण्याचा कार्यक्रम ठेवू या.' या सूचनेमागे मोठा इतिहास आहे.

१ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले. त्यांच्या नावानं टिळक स्वराज्य फंड निघाला. देशभरातून एक कोटी रुपये जमवायचे होते. त्या फंडासाठी ८ जुलै १९२१ ला मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. एक गंधर्व नाटक मंडळीचे, दुसरे ललितकलादर्शचे. सर्वांत वरचं तिकीट १०० रुपये, तेही त्या काळी!

आता प्रश्न असा, की प्रेक्षकांनी हे पैसे देणगी म्हणून दिले की गाण्यासाठी? मला वाटतं, त्या रात्री हे दोन्ही वेगळं काढताच आलं नसतं. दोन्ही कंपन्यांची चुरस होती, त्या चुरशीवर तिकिटं खपत. ती चुरसच दोघांनी फंडाच्या पदरात टाकली. कलावंतानं आधी दिलं, म्हणून प्रेक्षकाचा हात सैल झाला. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेले. म्हणून त्या रात्रीचं मोल आणखी वाढलं.

आज पुष्कळदा मानधन, मंडप आणि ध्वनिक्षेपक यांतच जमा रक्कम संपते, संस्थेला हारतुरे उरतात. तेव्हा 'कोण गाणार?' हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, 'या कामासाठी तो काय सोडणार, आणि आपण काय सोडणार?'