राज्य गेल्यानंतरची प्रार्थना : ठाणे–कल्याण परिसरातील ख्रिस्ती श्रद्धा व तिची भाषा

संकटकाळी ईश्वर दूर गेल्यासारखा वाटतो, हा अनुभव सर्वच धर्मांच्या भक्तिवाङ्मयात आढळतो. परंतु असा प्रसंग एका व्यक्तीवर न येता संपूर्ण समाजावर ओढवला, तर त्याची श्रद्धा कशाच्या आधारे तग धरते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचाही आहे. ठाणे–कल्याणचा परिसर या प्रश्नाच्या विचारास विशेष उपयुक्त ठरतो. कारण येथे ख्रिस्ती समाज एकदा नामशेष झाला आणि दुसऱ्यांदा टिकला.

सहाव्या शतकातील ग्रीक लेखक कॉस्मस याने ‘कल्लियाना’ या बंदरी इराणहून नेमलेला बिशप असल्याचे नमूद केले आहे. हे स्थळ म्हणजे आपले कल्याण होय, असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. त्यानंतर थोड्याच काळाने येथे आलेल्या ओडोरिकच्या प्रवासवृत्तात नेस्टोरियन ख्रिस्त्यांच्या पंधरा घरांचा उल्लेख येतो. पुढे ही घरे इतिहासातून नाहीशी होतात. त्या पंथाची उपासनेची भाषा सिरियाक होती. ती येथील लोकभाषेत उतरल्याचा पुरावा मिळत नाही. या एकाच कारणाने तो समाज लोपला, असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि पुढील घटनेशी ताडून पाहता हा भेद नजरेआड करता येत नाही.

१५३४ च्या तहाने वसई व साष्टी हे प्रदेश पोर्तुगिजांकडे गेले. त्यानंतरच्या धर्मप्रसारास राजसत्तेचे पाठबळ होते. देवळे पाडली गेली, आणि सर्व धर्मांतरे स्वेच्छेने झाली असे म्हणण्यास आधार नाही. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी जिंकली, आणि मे १७३९ मध्ये वसईच्या किल्ल्याने चिमाजी अप्पांपुढे शरणागती पत्करली. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मोकळीक मिळाली खरी; परंतु युरोपीय पाद्री निघून गेले आणि अनेक चर्चे ओस पडून मोडकळीस आली. ज्या सत्तेच्या सोबतीने हा धर्म आला, तीच आता उरली नव्हती. धर्म स्वीकारण्याची सक्तीही तिच्याबरोबरच गेली होती. म्हणून १७३९ नंतर जे ख्रिस्ती राहिले, त्यांचे राहणे हा बऱ्याच अंशी त्यांचा स्वतःचा निर्णय होता, असे मानावे लागते.

या निर्णयाचे फलित फ्रेंच प्राच्यविद्यापंडित आंक्तिल-दुपेराँ याने पाहिले. १७६० च्या अखेरीस साष्टीतून प्रवास करीत असता ठाण्यात ख्रिस्ती सण मोकळेपणाने साजरा होताना पाहून, हा मराठ्यांचा मुलूख आहे याचे त्यास नवल वाटले. तेथील धर्मगुरू देशी होते.

युरोपीय पाद्री गेल्यावरही मागे राहिले ते मातृभाषेतील वाङ्मय. १६१६ मध्ये गोव्यात फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले होते. उत्तर कोकणात विशेष रूढ झाले ते फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइंश यांचे, १६५९ मध्ये प्रसिद्ध झालेले पद्यमय पुराण. त्याची लिपी रोमन, परंतु भाषा येथील ख्रिस्त्यांच्या बोलीला जवळची होती. एकोणिसाव्या शतकातही साष्टीच्या गावांतून ते गाइले जात असे. विशेष म्हणजे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचे फर्मान काढले होते. उत्तर कोकणात फर्मान काढणारे राज्य बुडाले. ज्या भाषेवर त्याचा रोख होता तीच प्रार्थनेला आधार झाली.

या पुराणाचा विषयही लक्षात घेण्याजोगा आहे. तो ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा व मरणाचा आहे. आणि त्या कथेच्या गाभ्याशी, पित्याने आपल्याला का टाकले, हा वधस्तंभावरील प्रश्न आहे. ईश्वर दूर असल्याची वेदना ही श्रद्धेबाहेरची गोष्ट नसून श्रद्धेच्याच कथेतील एक प्रसंग आहे, हा बोध अशा गायनातून घरोघरी पोहोचणे शक्य होते. शोकाला स्वतःच्या भाषेत शब्द मिळाले की तो एकट्याचा राहत नाही.

मात्र हे विवेचन येथेच थांबविले तर ते एकांगी होईल. १८२० च्या दशकात पटकीच्या साथी आल्या, तेव्हा ठाण्यातील काही ख्रिस्ती कोळी कुटुंबे रोगाच्या देवीचा कोप शांत करण्यासाठी हिंदू धर्मात परतली. त्यांच्याही घरी तीच बोली होती. दारी मृत्यू उभा असता दुःख सोसण्याची कथा पुरेशी पडली नाही. त्यांना तत्काळ करता येण्याजोगा विधी हवा होता, असे अनुमान करता येते. त्यास श्रद्धेचा दुबळेपणा म्हणणे इतिहासाच्या शिस्तीला धरून नाही. त्यांनी प्रार्थना सोडली नव्हती. ती कोणाकडे करावी, एवढेच बदलले होते. भाषा श्रद्धेला आश्रय देते, परंतु तिची हमी देत नाही.

१८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोहोचली, आणि कालांतराने कल्याण–डोंबिवलीत दूरदूरची माणसे येऊन वसली. त्यांत केरळचे सीरो-मलबार ख्रिस्तीही होते. १९८८ मध्ये त्यांचे कल्याण धर्मप्रांत स्थापन झाले, आणि पूर्व सिरियाक परंपरेचे बिशपपद शतकांनंतर कल्याणच्या नावाशी पुन्हा जोडले गेले. मात्र या मंडळीने १९६२ पासून आपली मुख्य उपासना मलयाळममध्ये आणली होती. प्राचीन कल्याणच्या बिशपाची प्रार्थना कोणाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली होती काय, हे आता कळण्यास मार्ग नाही. १७३९ नंतरच्या ठाण्यात मात्र ती तेथपर्यंत पोहोचली होती, आणि म्हणूनच चर्चची छपरे कोसळल्यावरही ती थांबली नाही.