फ्रेडची सिगारेट आणि विल्माचं अंगण

कामं आवरली का? नसतील आवरली तर निवडणं-टिपणं चालू ठेवा आणि एक कान इकडे द्या.

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशेब चालला होता. एका ताईंचा सात वर्षांचा नातू सोबत आला होता. त्याने बडीशेपेची चिमूट तोंडात टाकली, मान वाकडी केली आणि टीव्हीवरच्या वेलचीच्या जाहिरातीतल्या नटाची हुबेहूब नक्कल केली. आम्ही पोट धरून हसलो. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बायांनो, वेलची विकायला एवढा मोठा नट कशाला लागतो गं? वेलची तर आपण चहात अशीच टाकतो."

आमचं हसू तिथंच थांबलं. आजींच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर पासष्ट वर्षं मागे जावं लागतं, तेही थेट अमेरिकेत.

30 सप्टेंबर 1960. अमेरिकेच्या टीव्हीवर त्या रात्री एक नवं कार्टून सुरू झालं, 'द फ्लिंटस्टोन्स'. पुढे आपल्याकडेही कार्टूनच्या वाहिनीवर ते दिसायचं. अश्मयुगातली माणसं, दगडाची घरं, आणि पायांनी पळवायची गाडी. त्यात दोन शेजारी जोडपी होती: फ्रेड आणि विल्मा, बार्नी आणि बेटी. फ्रेड दगडाच्या खाणीत कामाला जायचा. घर आलं, भांडण आलं, उसनंपासनं आलं. शेजारच्या घरातलंच वाटावं असं सगळं. लोकांना ती माणसं फार आवडली.

त्या काळी एखादी कंपनी कार्यक्रमाची प्रायोजक व्हायची, म्हणजे त्याच्या खर्चाचा भार उचलायची. बदल्यात कार्यक्रमातली पात्रंच तिचा माल विकायची. या कार्टूनला दोन मोठे प्रायोजक होते. एक औषधं आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या करणारी माइल्स कंपनी. दुसरी आर. जे. रेनॉल्ड्स ही तंबाखू कंपनी. तिची सिगारेट होती विन्स्टन. म्हणजे एकच कुटुंब एकदा तब्येत सुधारायची गोळी दाखवायचं आणि एकदा तब्येत बिघडवणारी सिगारेट.

त्यातली एक जाहिरात आपण बायकांनी तर जरूर ऐकावी. विल्मा अंगणातलं गवत कापते आहे. बेटी सतरंजी झोडपते आहे. फ्रेड आणि बार्नी लांबून बघताहेत. बिचाऱ्या किती राबतात, आपल्याला बघवत नाही, असं दोघांचं बोलणं चालतं. मग ते काय करतात? हाताला हात लावतात? छे! बायका दिसणारच नाहीत अशा जागी, घराच्या मागच्या बाजूला जातात आणि निवांत सिगारेट शिलगावतात. जाहिरातीतला विनोद तो एवढाच. बाईने राबावं, पुरुषाने धूर काढावा, आणि घराघरांतून लोकांनी हसावं.

आता दुसरी बाजूही सांगते. तेव्हा अमेरिकेत घरोघरी सिगारेट ओढत. हे कार्टूनही फक्त मुलांसाठी नव्हतं, मोठी माणसंही ते बघायची. त्यामुळे तेव्हा अनेकांना यात काही वावगं वाटलं नसेल. पण माहिती नव्हती म्हणून असं झालं, असंही म्हणता येत नाही. 1950 सालीच ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल या दोन संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला होता. अशा वेळी आकडे सांगून माल खपत नाही. तिथे आवडता, भोळा, विश्वासाचा चेहरा लागतो. फ्रेडचा चेहरा त्या कामाला आला.

1963 मध्ये या कार्टूनमध्ये विल्माला लेक झाली, पेबल्स. त्याच सुमारास विन्स्टन बाहेर पडली आणि द्राक्षाचा रस विकणारी वेल्च कंपनी आली. घरात लेकरू आल्यावर सिगारेट शोभेना. पुढच्याच वर्षी, जानेवारी 1964 मध्ये, अमेरिकी सरकारच्या सर्वोच्च आरोग्य अधिकाऱ्याचा अहवाल आला: सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो. तरीही टीव्हीवरच्या जाहिराती बंद व्हायला 1971 उजाडलं. बंदी 1 जानेवारीऐवजी 2 जानेवारीपासून लागू केली, कारण 1 तारखेच्या फुटबॉल सामन्यांना खूप प्रेक्षक असत. कंपन्यांना तेवढा एक दिवस मिळाला.

आणि फ्रेड? 1968 मध्ये माइल्स कंपनीने मुलांसाठी जीवनसत्त्वाच्या गोळ्या काढल्या, याच पात्रांच्या आकाराच्या. ज्या फ्रेडने सिगारेट विकली, तोच आता मुलांची तब्येत राखू लागला. चेहरा तोच, माल वेगळा. गंमत म्हणजे त्या बाटलीत फ्रेड होता, विल्मा होती, बार्नी होता. बेटीची गोळीच नव्हती! 1990 च्या दशकाच्या मध्यात लोकांनी मागणी लावून धरली, तेव्हा कुठे ती आली. सतरंजी झोडपायला बेटी हवी, बाटलीत मात्र तिला जागा नाही.

त्याच तंबाखू कंपनीने 1988 पासून 'जो कॅमल' नावाचा चित्रातला उंट अमेरिकेत सिगारेटसाठी वापरला. तो टीव्हीवर नव्हता. मासिकांत आणि रस्त्यावरच्या फलकांवर होता. 1991 मध्ये संशोधकांनी तीन ते सहा वर्षांच्या 229 मुलांना चित्रं दाखवली. सहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 91 टक्के मुलांनी त्या उंटाची जोडी सिगारेटशी बरोबर लावली. मिकी माउसची ओळख त्यांना जेवढी, जवळपास तेवढीच या उंटाची. 1997 मध्ये कंपनीने उंट मागे घेतला. 1998 मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी झालेल्या करारात मोठ्या कंपन्यांनी सिगारेटसाठी कार्टून वापरायचं नाही, असं कबूल केलं.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे 2000 साली केबल टीव्हीच्या नियमांनी तंबाखू आणि दारूच्या जाहिराती बंद केल्या. 2003 मध्ये तंबाखूविरोधी कायदा झाला. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. मग आली वेलची. पुडीवर नाव तेच, रंग तेच, फक्त शब्द बदलला. याला आपल्याकडे जुनी म्हण आहे: लेकी बोले सुने लागे. नट बोलतो वेलचीबद्दल, ऐकणाऱ्याला आठवते दुसरीच पुडी. आणि पानमसाल्यात तंबाखू नसली तरी सुपारी असतेच. तीही कर्करोगाला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सांगितलं आहे.

लोक बोलले की फरकही पडतो. ऑक्टोबर 2021 मध्ये अमिताभ बच्चन यांनी पानमसाल्याची जाहिरात सोडली आणि पैसे परत केले. एप्रिल 2022 मध्ये अक्षय कुमार यांनी वेलचीच्या जाहिरातीबद्दल चाहत्यांची माफी मागितली. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई करणारे नियम काढले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, खातरजमा न करता फसवी जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, 1915.

पण कायद्याच्या आधी आपला उंबरठा येतो. एक खेळ सुचवते. जाहिरात लागली की आवाज बंद करा आणि मुलांना विचारा: हा माणूस कोण? विकतोय काय? या मालाचं त्याला खरंच काही कळतं का? आमच्या गटात आम्ही हे करून पाहिलं. तो नातूच म्हणाला, "त्याला कुठं वेलची लागते? तो तर गाडीतून उडी मारतो!"

आणि एक आपल्यातलं. मिश्रीची जाहिरात टीव्हीवर कुणी केली नाही, नट लागला नाही. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, सासूच्या डबीतून ती सुनेच्या डबीत आली. आपल्यासाठी ओळखीचा, विश्वासाचा चेहरा घरातच होता. माझ्यासाठी तो माझ्या मावशीचा होता. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. गरोदर बाईने ती लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका असतो. सोडायची असेल तर 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर मदत मिळते.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलं असेल. वेलचीला नट लागत नाही. नट लागतो तो वेलचीच्या मागे जे लपलंय, त्याला.

येत्या बैठकीत हिशेब झाला की पाच मिनिटं यावर बोला. आणि डबी जवळ असेल, तर तीही एकदा मधोमध ठेवून बघा.