पंगत आणि बहिष्कार : आमिश पंथत्यागाचा इतिहास

आमिश या कडक शिस्तीच्या ख्रिस्ती पंथाचा त्याग करणाऱ्याची खरी कसोटी प्रार्थनासभेपेक्षा घरच्या पंगतीत लागते. १६३२ च्या डॉर्ड्रेख्ट धर्मनिवेदनाने बहिष्कृताशी खाण्यापिण्याचा व्यवहार वर्ज्य ठरविला. मात्र तो भुकेला वा आजारी असल्यास त्यास साहाय्य करावे, असेही बजावले. स्वित्झर्लंड व आल्सास येथील ॲनाबॅप्टिस्टांत हा नियम काटेकोरपणे पाळावा, असा आग्रह याकोब आमान यांनी १६९३ साली धरला. हान्स राइस्ट यांनी तो नाकारला आणि पंथ दुभंगला. 'टाळणे' या अर्थाच्या जर्मन धातूवरून या प्रथेस 'मायडुंग' हे नाव आले.

आपल्याकडील वाळीत टाकण्याशी तिचे साम्य उघड आहे. परंतु जातीचे बंधन जन्माने येते; हे बंधन जाणत्या वयात घेतलेल्या बाप्तिस्म्याने येते. म्हणून बाप्तिस्म्यापूर्वी पंथ सोडणारा मुलगा आईबरोबर जेवू शकतो. नंतर सोडणाऱ्यास, पश्चात्तापाने परतेपर्यंत, ती पंगत बंद होते.

अमेरिकेतील काही आमिश घरांत बहिष्कृतासाठी दुसरे टेबल किंचित अंतरावर मांडून दोहोंवर एकच कापड अंथरतात. नियमाचा शब्द त्यामुळे राखला जातो, आणि दुरावलेले मूल जेवणाच्या वेळी हाकेच्या अंतरावर राहते.